मृत्यूचा दाखला: पालिकेची खिडकी, पोर्टल की तहसीलचं दप्तर?

मृत्यूचा दाखला काढायचा म्हटलं की हल्ली पहिला प्रश्न येतो, "ऑनलाइन मिळतो का?" मिळतो, पण सगळ्यांचा नाही. आधी दोन गोष्टी पक्क्या करा: माणूस नेमका कुठे वारला आणि कोणत्या साली वारला. मूळ गाव कोणतं, आधारवर पत्ता कुठला, रेशनकार्ड कुठे आहे, याला इथे काडीची किंमत नाही. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे मृत्यू जिथे झाला तिथल्या निबंधकाकडे नोंद होते आणि दाखलाही तोच देतो.

सगळ्यात जास्त हेलपाटे इथेच होतात. जत तालुक्यातला माणूस उपचाराला मिरजेत आणला आणि तिथेच गेला, तर अंत्यविधी गावात झाला तरी नोंद सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिकेत. ही महापालिका १९९८ सालची, म्हणजे त्याआधीची नोंद मिरज नगरपालिकेच्या जुन्या दप्तरात. गावच्या ग्रामपंचायतीत बसून रजिस्टरं कितीही चाळली तरी नाव सापडणार नाही. चंदगडकडचे लोक बेळगावला जातात. तिथे मृत्यू झाला असेल तर महाराष्ट्रातली सगळी कार्यालयं विसरा. नोंद कर्नाटकात, त्यांच्या 'ई-जन्म' व्यवस्थेत. धावत्या गाडीत मृत्यू झाला तर गाडी त्यानंतर पहिल्यांदा थांबली ते ठिकाण धरतात. खडकी, देहूरोड, देवळालीसारख्या छावणी भागात रजिस्टर कॅन्टोन्मेंट बोर्डाचं, शेजारच्या महापालिकेचं नाही. पुण्याभोवतीच्या गावांचं आणखी वेगळं. सूस, म्हाळुंगे, नऱ्हे ही गावं २०२१ साली महापालिकेत आली, तेव्हा २०१० सालच्या मृत्यूची चौकशी करताना "त्या वेळच्या ग्रामपंचायतीचं दप्तर आता कुठे ठेवलंय?" असंच विचारावं लागतं.

खिडकी की पोर्टल

मृत्यू अलीकडचा असेल, दवाखान्यात झाला असेल, तर पोर्टल सरस आहे. दवाखाना स्वतःच निबंधकाकडे माहिती पाठवतो. नोंद केंद्राच्या सीआरएस (नागरी नोंदणी प्रणाली) पोर्टलवर होते आणि क्यूआर कोड असलेला दाखला निघतो. २०२३ च्या दुरुस्तीनंतर, जी १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली, नोंद पूर्ण झाल्यावर सात दिवसांच्या आत माहिती देणाऱ्याला दाखला विनामूल्य द्यायचा आहे, छापील किंवा इलेक्ट्रॉनिक. त्या दाखल्याच्या हव्या तितक्या प्रती काढता येतात. बँकेतला माणूस क्यूआर कोड स्कॅन करून तिथल्या तिथे पडताळणी करू शकतो. परदेशात राहणाऱ्या मुलाला तर यासारखी सोय नाही.

पोर्टलचा कमकुवत भाग म्हणजे नाव. इंग्रजी अक्षरांत नाव कसं टाइप झालं यावर पुढची सगळी कामं अवलंबून असतात आणि ते टाइप करणारा दवाखान्यातला कारकून आपल्या आजीला ओळखत नसतो. घरी 'आक्का', सातबाऱ्यावर 'लक्ष्मीबाई', आधारवर 'लक्ष्मी', पासबुकावर सासरचं दुसरंच नाव, अशी बाई आपल्याकडे घरोघरी आहे. म्हणून दवाखान्यातून निघण्याआधी फॉर्मवरचं नाव, वय आणि पत्ता आधार कार्ड हातात धरून जुळवा. सातबाऱ्यावर दुसरं नाव असेल तर 'ऊर्फ' लावून दोन्ही नावं लिहून घेण्याचा आग्रह धरा. नंतर कायद्याच्या कलम १५ खाली दुरुस्ती होते, पण त्यासाठी पुरावे द्यावे लागतात आणि चकरा पडतात.

खिडकीवर जाण्याचा फायदा नोंद जुनी किंवा हाताने लिहिलेली असेल तेव्हा कळतो. १९९० च्या दशकातल्या बहुतेक नोंदी पोर्टलवर नाव टाकून दिसत नाहीत. त्या वहीत असतात आणि वही उघडायला माणूस लागतो. मुंबईत वॉर्ड ऑफिसचा आरोग्य विभाग, इतर शहरांत महापालिका किंवा नगरपालिकेचा जन्म-मृत्यू विभाग, खेड्यात ग्रामपंचायत. ग्रामसेवक, कागदोपत्री आता 'ग्रामपंचायत अधिकारी', हाच तिथे निबंधक असतो. भाऊसाहेबांची एकाहून जास्त गावं असली तर ते कोणत्या दिवशी कुठे बसतात हे फोनवर विचारून मगच निघा.

नक्कल मागताना एक बारकावा लक्षात ठेवा. रजिस्टर नावाप्रमाणे लावलेलं नसतं, नोंदणीच्या तारखेप्रमाणे आणि क्रमांकाप्रमाणे असतं. मृत्यू २८ डिसेंबरचा, माहिती दिली ८ जानेवारीला, तर नोंद पुढच्या वर्षाच्या वहीत. तेव्हा "एकोणीसशे अठ्ठ्याऐंशीचं बघा" एवढंच म्हणून थांबू नका, एकोणनव्वदच्या जानेवारीची पानंही बघायला लावा. शोधाची फी वर्षागणिक असते आणि कंटाळाही वर्षागणिकच येतो. "साठ ते सत्तरच्या दरम्यान कधीतरी" असं सांगणाऱ्याचा अर्ज बाजूला पडतो. साल काढायला घरातलीच साधनं पुरतात: जमिनीच्या फेरफारावरची वारस नोंदीची तारीख, पेन्शनचा कागद, स्मशानभूमीची पावती, वर्षश्राद्धाची तिथी लिहिलेलं जुनं पंचांग. यातला फेरफार मला सगळ्यात भरवशाचा वाटतो, कारण वारस नोंद मृत्यूनंतरच लागते. म्हणजे निदान 'याच्या आधी' अशी हद्द मिळते.

'आपले सरकार' पोर्टल आणि गावातलं सेवा केंद्र यांबद्दल थोडक्यात. नोंद झालेली असेल आणि फक्त प्रत हवी असेल तर अर्ज तिथून करायला हरकत नाही. मृत्यू दाखला ही लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ खाली अधिसूचित सेवा आहे. अर्जाची पोचपावती मिळते, मुदत पाळली नाही तर पहिलं आणि दुसरं अपील करता येतं आणि त्यावर सेवा हक्क आयोग आहे. खिडकीवर तोंडी विचारलेल्याला यातलं काहीच मिळत नाही. त्यामुळे खिडकीवर गेलात तरी अर्ज लेखी द्या आणि शिक्का घ्या. एजंट मात्र मला कुठल्याच प्रसंगी पटत नाही. नोंद असेल तर त्याची गरज नाही. नोंद नसेल, तर तो जे 'करून देतो' ते पुढे महागात पडू शकतं. ते का, ते खाली येतंच.

जुनी नोंद: पालिका की तहसील

पणजोबांचा, खापरपणजोबांचा दाखला हवा असणारे लोक अलीकडे बरेच वाढले आहेत. २०२३ साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, जुनी मोडी लिपी वाचणाऱ्यांना अचानक मागणी आली आणि 'गाव नमुना १४' हे नाव सगळ्यांच्या तोंडी झालं. गावातल्या जन्म-मृत्यूची नोंदवही ती हीच. विदर्भात तिला कोतवाल बुक म्हणतात. कोतवालाने खबर आणायची, वही गावात लिहायची आणि तिची माहिती तालुक्याला जायची, अशी ती पद्धत होती. या वह्या आज बहुतांशी तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात आहेत.

१९६९ चा कायदा महाराष्ट्रात १ एप्रिल १९७० पासून लागू आहे. ढोबळमानाने, त्यानंतरचा मृत्यू असेल तर आधी ग्रामपंचायत किंवा पालिका आणि त्याआधीचा गावातला असेल तर आधी तहसील, असा क्रम धरा. शहरातला जुना मृत्यू असेल तर नगरपालिकेकडे स्वतःच्या जुन्या वह्या असतात, तिथे तहसीलचा फेरा नको.

तहसीलची वही वाचणं हे वेगळंच काम आहे. आडनाव बहुतेकदा नसतंच. पुरुष 'रामा बिन सखाराम' असा भेटतो, बाई 'सखू कोम रामा' अशी. 'बिन' म्हणजे मुलगा, 'कोम' म्हणजे बायको. शेजारी जात, वय अंदाजे, आणि कारणाच्या रकान्यात ताप, पटकी, देवी, हगवण. आज आपण 'शिंदे' म्हणून शोधत बसतो आणि आजोबा तिथे निव्वळ 'गणू बिन येसू' असतात. जोडीला फेरफार किंवा हक्कनोंदीचा जुना उतारा असेल तर बापाच्या नावावरून जुळवणी करता येते. जुन्या वह्या मोडीत आहेत, मराठवाड्यात निजामी काळातली दप्तरं उर्दूतही सापडतात. अशा नोंदीची प्रमाणित नक्कल मिळते, वर देवनागरी लिप्यंतर जोडावं लागतं. ते मान्यताप्राप्त मोडी वाचकाकडूनच करून घ्या.

ही नक्कल आजच्या छापील 'मृत्यू प्रमाणपत्रा'सारखी दिसत नाही आणि काही बँका ती बघून गोंधळतात. पण वारस नोंद, वंशावळ, जात पडताळणी यासाठी जुन्या रजिस्टरची नक्कल नव्या दाखल्यापेक्षा वजनदार ठरते, कारण ती त्याच वेळी लिहिलेली आहे. त्यामुळे ती मिळाल्यावर "आता याचा नवा दाखला करून घेऊ" या मागे लागण्याआधी, समोरच्या कार्यालयाला नक्कल चालते का हे विचारा. बहुतेकदा चालते.

गोव्यातलं दप्तर वेगळं. पोर्तुगीज काळातल्या नोंदी तालुक्याच्या नागरी निबंधकाकडे, पोर्तुगीज भाषेत. सावंतवाडी-दोडामार्गकडच्या ज्या घरांत गोव्याकडचं माहेर किंवा वतन आहे, त्यांनी तिकडेही बघावं.

नोंदच नाही, तेव्हा

इथे घाई नडते. नोंद सापडली नाही याचा अर्थ नोंद झालीच नाही असा नव्हे. वर सांगितलेली ठिकाणं, पुढचं-मागचं साल, नावाची दुसरी रूपं, सगळं बघून झाल्यावरच अनुपलब्धता प्रमाणपत्र मागा. ते नमुना १० मध्ये मिळतं आणि पुढच्या प्रत्येक वाटेला तेच लागतं.

पुढे वाट मुदतीवर ठरते. खबर देण्याची मुदत २१ दिवस. त्यानंतर ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क भरून भागतं. ३० दिवस ते एक वर्ष, तर जिल्हा निबंधकाची लेखी परवानगी. एक वर्ष उलटलं की जिल्हाधिकारी, उपविभागीय अधिकारी किंवा अधिकार दिलेला कार्यकारी दंडाधिकारी यांचा आदेश. २०२३ च्या आधी यासाठी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याच्या कोर्टात जावं लागायचं, म्हणून जुने वकील अजूनही कोर्टाचाच रस्ता सांगतात. मालेगावात खोट्या कागदांवर विलंबित जन्म दाखले दिल्याचा आरोप झाला, ते प्रकरण गाजल्यावर २०२५ च्या सुरुवातीला राज्यात असे विलंबित दाखले देणं काही काळ थांबलं होतं. मार्च २०२५ मध्ये नवी कार्यपद्धती आली आणि पुराव्यांची छाननी कडक झाली. एजंटाने भलत्याच आदेशावर काढून दिलेला दाखला आज रद्द होऊ शकतो, आणि खोट्या माहितीचा गुन्हा अर्जदारावरही दाखल होऊ शकतो.

म्हणून एक वर्षापेक्षा जुनं प्रकरण असेल तर आधी ठरवा की दाखला खरोखर लागणार आहे का. शेतजमिनीच्या वारस नोंदीसाठी १ एप्रिल २०२५ पासून राज्यभर 'जिवंत सातबारा' मोहीम झाली, तिची सुरुवात बुलढाण्यात झाली होती. त्या निमित्ताने कळलं की गावोगाव कितीतरी उताऱ्यांवर मेलेल्यांचीच नावं होती. तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, मृत्यू दाखल्यासोबत वारसांचं शपथपत्र आणि पोलीस पाटील किंवा सरपंचाचा दाखला जोडतात. पन्नास वर्षांपूर्वीच्या मृत्यूसाठी अनुपलब्धता प्रमाणपत्र आणि हे कागद यांवर काम होतं का, हे त्यांना थेट विचारा. झालं तर दंडाधिकाऱ्यापर्यंत जायची गरजच उरत नाही. विमा, भविष्य निर्वाह निधी, कुटुंब निवृत्तिवेतन आणि परदेशातली मालमत्ता या चार कामांना मात्र दाखल्याशिवाय कुणी दारात उभं करत नाही. तिथे आदेशाचीच वाट धरा.

बेपत्ता माणसाचं प्रकरण यात मोडत नाही. सात वर्षं ज्याची काही खबर नाही, त्याच्या मृत्यूच्या गृहीतकासाठी दिवाणी न्यायालयातून हुकूमनामा घ्यावा लागतो. निबंधक किंवा तहसीलदार ते करू शकत नाहीत.

विम्यासाठी दाखला काढणाऱ्यांना एक सांगायचं राहिलं. मृत्यूच्या दाखल्यावर मृत्यूचं कारण नसतं. कायद्याच्या कलम १७ प्रमाणे ते छापताच येत नाही. विमा कंपनी कारण मागते तेव्हा तिला डॉक्टरने दिलेलं वैद्यकीय प्रमाणपत्र हवं असतं: दवाखान्यातल्या मृत्यूला नमुना ४, घरच्या मृत्यूला ४-अ. २०२३ च्या दुरुस्तीनंतर त्याची प्रत जवळच्या नातेवाइकाला विनामूल्य मिळायला हवी. दवाखान्याचं बिल भागवतानाच ती मागून घ्या. वर्षभराने तो डॉक्टर तिथे असेलच असं नाही.

आणि दाखला परदेशात दाखवायचा असेल तर हाताने लिहिलेली जुनी प्रत पाठवू नका. नोंद पोर्टलवर चढवून क्यूआर कोडचा मराठी-इंग्रजी दाखला काढा, मग राज्य पातळीवरचं साक्षांकन, त्यानंतर परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरण्यासाठीचा शिक्का, हा क्रम. नाव इंग्रजीत पासपोर्टवर आहे तसंच उतरलंय ना, हे अपोस्टिलला पाठवण्याआधी बघा. नंतर दुरुस्ती केली तर साक्षांकन आणि अपोस्टिल दोन्ही पुन्हा.