प्रोजेक्ट मॅनेजमेंट सॉफ्टवेअर, शेडमधले ८ महिने

वापर कुठे: कुपवाड एमआयडीसीतलं फॅब्रिकेशन शॉप, साखर कारखान्यांची ऑफ-सीझन कामं. ज्यूस हीटर, टाक्या, पाइपिंग. गाळप दिवाळीच्या आगेमागे सुरू होतं, म्हणून डिस्पॅचची तारीख हलत नाही. सॉफ्टवेअरमधली मात्र रोज हलते.

दोष बहुतेक वेळा कॅलेंडरचा. मुळात दिवस ८ तासांचा आणि शनिवार-रविवार सुट्टी. प्रायमर वाळायला २४ तास हवेत म्हणून फिनिश कोटच्या आधी '२४ तास लॅग' (दोन टास्कमधलं थांबायचं अंतर) टाकला, तर ते कामाचे तास धरले जातात, म्हणजे ३ दिवस. प्रायमर शुक्रवारी संध्याकाळी संपला की फिनिश कोट थेट गुरुवारी! रंग काही सुट्टी घेत नाही, तो शनिवारी संध्याकाळीच वाळलेला असतो. सोमवारी सकाळी स्प्रे गन लावता येते. लॅगमध्ये 'इलॅप्स्ड' (सुट्ट्यांसकट घड्याळाचे तास) हा पर्याय असेल तर तो निवडा. नसेल तर 'वाळवण' असा वेगळा टास्क करून त्याला २४ तासांचं कॅलेंडर जोडा. शनिवार चालू करणं, बेंदूर आणि खंडेनवमी हाताने भरणं, हे सगळं पहिल्या टास्कच्या आधी उरका. मागाहून दिवस १० तासांचा केला तर आधी भरलेला १ दिवस ०.८ दिसू लागतो.

एक्सेलमधून याद्या चढवताना तारखा उलटतात. ११/१० म्हणजे ११ ऑक्टोबर. तिकडे ती १० नोव्हेंबर होते. १३ पासून पुढच्या तारखांना निदान एरर येते, १२ पर्यंतच्या गुपचूप बदलतात. चढवण्याआधी कॉलम वर्ष-महिना-दिवस असा करून घ्या.

'९०% पूर्ण' या आकड्यावर तर विश्वासच ठेवू नका. वेल्डिंग झालं की सुपरवायझर ९० टाकतो. मग हायड्रो टेस्टला (पाण्याच्या दाबाची चाचणी) ट्यूबच्या जॉइंटमधून पाणी झिरपतं आणि चार दिवस ९०च. टक्केवारी बंद करून फक्त ० किंवा १०० ठेवा, टेस्ट हा स्वतंत्र टास्क करा.

टास्कवर एकाऐवजी दोन फिटर लावले की ६ दिवसांचे ३ होतात, ही मखलाशी सेटिंगमधून बंद करता येते. एकाच शेलवर (हीटरच्या बाहेरच्या नळकांड्यावर) दोघं उभे राहून काम निम्म्यात होत नसतं.

लायसन्स माणशी आहे, त्यामुळे सगळे सुपरवायझर एकाच लॉगिनवर. कोणी काय बदललं ते हिस्टरीत कळत नाही. प्रत्येकाला वेगळं घेणार असाल तर वार्षिक नको, महिन्याचं घ्या. सीझन सुरू झाला की जादा लॉगिन बंद करता येतात.