सेल बदलला आणि तारीख ताळ्यावर आली: लेकीच्या संगणक वर्गाबद्दल

माझ्या जुन्या डेस्कटॉपला वर्षभर एक खोड होती. रोज सकाळी सुरू केला की तारीख दाखवायचा १ जानेवारी २००९. मी मुकाट्याने तारीख-वेळ हाताने घालायचे आणि कामाला लागायचे. विसरले तर ब्राउझर प्रत्येक संकेतस्थळाला ‘सुरक्षित नाही’ म्हणायचा आणि काही उघडू द्यायचा नाही. मी डीटीपीचं काम करते, चोवीस वर्षं संगणकासमोर बसते आहे, आणि माझी समजूत काय, तर मशीन म्हातारं झालंय, विसरणारच.

नववीतली लेक वर्गाला जायला लागली आणि तिसऱ्याच आठवड्यात तिने कॅबिनेटचं झाकण काढलं. मदरबोर्डवरचा, म्हणजे आतल्या मुख्य बोर्डवरचा, नाण्याएवढा सेल नखाने उचकटला, त्यावरचं ‘सीआर २०३२’ वाचून दाखवलं आणि तसाच नवा बसवला. मशीन बंद असताना आतलं घड्याळ चालू ठेवायचं काम या ३ व्होल्टच्या सेलचं. तो संपला की घड्याळ आपल्या मूळ तारखेवर जाऊन बसतं. संकेतस्थळ खरं असल्याची ग्वाही देणाऱ्या प्रमाणपत्राला अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत अशी मुदत असते, आणि माझ्या मशीनच्या हिशेबाने ती मुदत अजून सुरूच झालेली नव्हती. एवढंच होतं ते.

“आई, तू वर्षभर रोज तारीख घालत होतीस?”

मी विषय बदलला.

तर हे परीक्षण त्या वर्गाचं. नाव देत नाही, कारण अशा बऱ्याच वर्गांचा साचा सारखाच असतो आणि मला बोलायचंय ते साच्याबद्दल. बारा आठवडे, आठवड्यातून दोनदा, दरवेळी दोन तास. पहिले सहा आठवडे हार्डवेअर, पुढचे सहा सॉफ्टवेअर. आठवी ते दहावीची चौदा मुलं. हार्डवेअरला मॅडम, सॉफ्टवेअरला सर.

मॅडमनी पहिल्या दिवशी एकही संगणक सुरू केला नाही. टेबलांवर पाच मेलेली मशीन मांडून ठेवली होती आणि प्रत्येक गटाला एक स्क्रूड्रायव्हर. मशीन मेलेलंच असल्यामुळे बिघडवायची भीती नाही. आमच्या घरात ‘हात लावू नकोस’ हे वाक्य संगणकाच्या संदर्भात इतक्या वेळा बोललं गेलंय (बोलणारी मीच) की ही युक्ती मला फार आवडली. नियम मात्र कडक होते. आधी वायर काढायची, मग पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरायचं म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाते, मग कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावायचा. अंगावरच्या स्थिर विजेचा चटका आपल्याला कळतही नाही, पण चिपला तेवढा पुरतो. आणि वीजपुरवठ्याचा डबा, म्हणजे एसएमपीएस, कोणी उघडायचा नाही. वायर काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये वीज साठलेली राहू शकते. हे सगळं वहीत लिहून घेतलं नव्हतं, करून घेतलं होतं. लेक आजही कॅबिनेट उघडताना आधी धातूला हात लावते, देवळात शिरताना घंटेला लावावा तसा.

रॅमच्या, म्हणजे चालू कामाच्या मेमरीच्या, पट्टीचा धडा मला तिच्याकडून तीनदा ऐकावा लागला. पट्टीच्या खालच्या कडेला खाच असते. डीडीआर३ या जुन्या पिढीच्या रॅमची खाच एका जागी, नंतरच्या डीडीआर४ची दुसऱ्या जागी, त्यामुळे चुकीची पट्टी चुकीच्या बोर्डवर बसतच नाही. मॅडम म्हणे, “बसत नसेल तर जोर लावू नका, आधी वाचा.” हे ब्रह्मवाक्य मानून लेकीने घरी रॅम साफ करून इतक्या हळुवारपणे परत ठेवली की पडदा काळाच राहिला आणि आतून बीप-बीप सुरू. माझी दुसऱ्या दिवशीची फाइल आत, मला घाम. तिने मात्र बोर्डच्या पुस्तिकेत बीपचा अर्थ शोधला: रॅम सापडत नाहीये. पट्टी परत काढून दोन्ही टोकांवर दाबली, बाजूच्या कड्या ‘टक्’ करून बसल्या, पडदा उजळला. म्हणजे जोर लावायचा, पण खाच जुळल्यावर.

हार्ड डिस्कही फोडून दाखवली. आरशासारख्या तबकड्या, मिनिटाला ५४०० नाहीतर ७२०० फेरे, आणि त्यांच्यावर न टेकता तरंगणारं वाचन-लेखनाचं टोक. तिथेच एक गणित घातलं: १ टीबीची डिस्क संगणक ९३१ जीबी का दाखवतो? बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात, पडद्यावरचा हिशेब १०२४ च्या पटीत होतो. एक लाख कोटी बाइट्सना १०२४ ने तीनदा भागा, ९३१ येतात. मी इतकी वर्षं समजत होते की उरलेली जागा कोणीतरी खाल्ली.

पण या वर्गातला सोन्याचा तास सहाव्या आठवड्यातला. त्या दिवशी संगणक मुलंच झाली.

एक खोकं, त्यात क्रमांक घातलेल्या बत्तीस चिठ्ठ्या. ही मेमरी. एक मुलगा खोक्याचा राखणदार, मागितलेली चिठ्ठी देणार आणि परत ठेवणार. एकीच्या हातात पाटी, बेरीज-वजाबाकी फक्त तिने करायची. एकाने चिठ्ठीवरच्या आकड्याचा अर्थ तक्त्यात बघून हुकूम द्यायचा. आमची कन्या प्रोग्राम काउंटर, तिचं काम पुढच्या चिठ्ठीचा नंबर सांगायचा. काम होतं सहा गुणिले चार. गुणाकार कोणालाच येत नाही असं धरायचं, म्हणून सहा चार वेळा मिळवायचे, दरवेळी चारातून एक कमी करायचा, शून्य झालं की थांबायचं, नाहीतर परत तिसऱ्या चिठ्ठीवर. वीस मिनिटांत उत्तर आलं. मग मॅडमनी सांगितलं की ३ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचं घड्याळ सेकंदाला तीन अब्ज टोले देतं. वीस मिनिटं घाम गाळल्यावर हा आकडा ऐकणं आणि तोच पुस्तकात वाचणं यात फरक आहे.

दुसऱ्या खेपेला पाटीवाली एक कमी करायला विसरली. चार कधी शून्य होईना, वर्ग गोल-गोल फिरत राहिला, आणि मॅडमनी मुद्दाम थांबवलं नाही. चौदा मुलांनी आपल्या पायांनी ‘हँग’ होणं अनुभवलं. तिसऱ्या खेपेला मॅडमनीच ‘थांबा’ची चिठ्ठी गुपचूप काढून घेतली. आमचा काउंटर बिचारा पुढे गेला आणि जिथे नुसता एक आकडा ठेवला होता ती चिठ्ठी हुकूम म्हणून वाचली गेली. कोणाला काही खटकलं नाही, कारण हुकूमही आकडाच आणि माहितीही आकडाच, दोन्ही एकाच खोक्यात. हुकूम आणि माहिती एकाच मेमरीत ठेवायची ही मांडणी गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांच्या १९४५च्या अहवालात आहे, आणि आपल्या टेबलावरचं मशीन आजही मुळात तसंच चालतं. लेक घरी येऊन म्हणाली, “त्याला काहीच कळत नाही गं आई, तो फक्त पुढचा-पुढचा करतो.” संगणकाबद्दल याहून नेमकं मी काही ऐकलेलं नाही.

माझी मुख्य तक्रार अशी की हा एवढा तास एकदाच झाला. हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर जिथे एकमेकांना चिकटतात ती जागा हीच, आणि तिला बारा आठवड्यांतले दोन तास.

पुढचे सहा आठवडे मग वहीत गेले. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे वापरकर्ता आणि हार्डवेअर यांच्यातला दुवा. वाक्य बरोबर आहे, पाठही झालं, पण दुवा करतो काय? त्याच खोक्यात दोन कामांच्या चिठ्ठ्या टाकून ‘दहा चिठ्ठ्या तुझ्या, मग दहा हिच्या’ असं खेळवलं असतं, तर एकच प्रोसेसर गाणं आणि गृहपाठ दोन्ही कसं सांभाळतो ते पोरांना कळलं असतं. त्याऐवजी संगणकाच्या पिढ्यांचा तक्ता. एनिॲक या सुरुवातीच्या संगणकात सुमारे १८,००० व्हॉल्व्ह, म्हणजे काचेच्या निर्वात नळ्या, होते हे लेकीला पाठ आहे, व्हॉल्व्ह नेमकं काय करायचा ते नाही. वर्गाच्या पुस्तिकेत साठवणुकीची साधनं फ्लॉपीपासून सुरू होतात. मी फ्लॉपीवरून पुस्तकांची प्रकरणं नेली-आणली आहेत, मला गहिवरून आलं, पण १.४४ एमबीची ती चकती आजच्या मुलांना फक्त ‘सेव्ह’चं चित्र म्हणून ठाऊक आहे. दोन आठवडे पत्र टाइप करणं आणि स्लाइडला रंग देणं यात गेले, त्याबद्दल न बोललेलं बरं.

पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेचे चार तास होते. सर पडद्यावर लिहिणार, मुलं उतरवणार. कोणाची एखादी ओळ एका जागेने आत-बाहेर झाली की सर स्वतः येऊन दुरुस्त करणार आणि पुढे. एका तासाला शब्द उलटा करायचा होता. सगळी उदाहरणं रोमन लिपीतली. आमच्या बाईसाहेबांनी ‘क्षमा’ दिला. उलटून आलं ‘ामष्क’, सुरुवातीला एक लोंबकळणारा काना. लांबी विचारली तर नुसत्या ‘क्ष’ची ३. सर म्हणाले, “इंग्रजीत कर, हे अभ्यासक्रमात नाही.”

ती घरी रागावून आली आणि या एका प्रश्नाचं उत्तर मला येत होतं. मी ‘क्ष’ तीन कळा दाबून टाइप करते: क, हलंत, ष. संगणकही तो तसाच तीन आकड्यांत ठेवतो, जोडून दाखवणं हे फॉन्टचं काम. मग आम्ही दोघी बसलो. ‘ए’ या मोठ्या रोमन अक्षराचा क्रमांक ६५, आपल्या ‘अ’चा २३०९. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे हे क्रमांक बाइट्समध्ये साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, पहिल्याला एक बाइट, दुसऱ्याला तीन. ‘क्षमा’चे पाच आकडे, पंधरा बाइट्स. आणि तिथे माझंच एक कोडं सुटलं. माझ्या जुन्या फायली फॉन्ट बदलला की रोमन कचरा का होतात? त्या जुन्या फॉन्टांनी रोमन अक्षरांच्याच क्रमांकांवर देवनागरीची चित्रं बसवलेली. फाइलमध्ये मराठी कधी नव्हतीच, होते ते रोमन अक्षरांचे क्रमांक.

हा अख्खा धडा सरांना आयता मिळाला होता. माणूस वाईट नाही, शंका विचारल्या की चिडत नाहीत. पण अभ्यासक्रम संपवायची घाई अशी की प्रश्न हा त्यांना अडथळा वाटतो.

शेवटी अभिप्रायाचा फॉर्म होता, पाच चौकोनांचा. मी मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून दिलं की चिठ्ठ्यांचा खेळ सॉफ्टवेअरच्या सहाही आठवड्यांत चालू ठेवा आणि फ्लॉपीचं पान फाडा. मॅडमचा फोन आला, वाचलं म्हणाल्या. सरांकडून काही नाही.

मुलांना घालायचं असेल तर नुसता पहिला भाग घेता येतो का ते विचारा, आमच्याकडे विचारल्यावरच सांगितलं. मागच्या बाकावर बसून एखादा तास बघू देतात का तेही विचारा, आणि बघायचा तो सॉफ्टवेअरचा. स्क्रूड्रायव्हर घरून नेला तर टोकाला चुंबक असलेला द्या. मदरबोर्डखाली पडलेला स्क्रू शोधण्यात आमचा एक अख्खा तास गेला.