सत्तर रुपयांत जिवंत: पोस्टाच्या घरपोच हयातीच्या दाखल्याबद्दल

माझ्या उजव्या अंगठ्याला ठसा नाही. डाव्याला आहे, पण नावालाच. औंधच्या आयटीआयमधून टर्नर होऊन बाहेर पडलो आणि पुढची चौतीस वर्षं लेथवर काढली. भोसरीची कंपनी, कर्वेनगरच्या नाक्यावरून सकाळी पावणेसहाची कंपनीची बस. लोखंडाचा कीस, कूलंट आणि कॉटन वेस्ट यांनी बोटं घासूनपुसून साफ केली. नोकरीत असताना त्याचं काही वाटलं नाही. रिटायर झालो आणि दर वर्षी मशीनवर अंगठा ठेवून आपण जिवंत आहोत हे सिद्ध करायची वेळ आली, तेव्हा कळलं की सरकारच्या लेखी माणूस अंगठ्यात असतो.

माझी पेन्शन ईपीएस ९५ ची, म्हणजे पीएफची. अडीच हजारांच्या थोडी वर. हा आकडा ऐकून पोरं हसतात, हसू देत. हिची बीपीची औषधं, गॅस आणि लाइट बिल त्यातून निघतं. आणि वेळेवर हयातीचा दाखला गेला नाही तर ती गुपचूप बंद होते. ना फोन, ना पत्र. मला हे पासबुक भरल्यावर कळलं, आणि पासबुक मी तीन महिन्यांतून एकदा भरतो.

ती हकीकत आधी सांगतो, म्हणजे पोस्टाला मी इतके मार्क का देतोय ते कळेल.

नोव्हेंबर २०२३. घराजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानात 'येथे हयातीचे दाखले काढून मिळतील' असा बोर्ड लागला होता. गेलो. त्या पोराने दीडशे रुपये घेतले, माझा अंगठा सात वेळा, मग एकेक करत सगळी बोटं दाबून पाहिली. अखेर डाव्या हाताच्या अनामिकेने दाद दिली. मोबाईलवर मेसेज आला, त्यात प्रमाण आयडी, म्हणजे दाखल्याचा नंबर. पोरगा म्हणाला, "झालं काका, आता वर्षभर टेन्शन नाही." मी त्याला वर दहा रुपये चहाला दिले. हे मुद्दाम सांगतोय, कारण ते दहा रुपये मला अजून टोचतात.

फेब्रुवारीत पासबुक भरलं तर पेन्शन गायब. बँकेत विचारलं. ते म्हणाले, आमच्याकडे पैसे आलेच नाहीत, पेन्शनच्या ऑफिसात विचारा. तिथे दोन खेपा झाल्या. एकदा साहेब मीटिंगला, एकदा सिस्टीम बंद. "तुमचा दाखला आलेला नाही." "अहो, हा आयडी बघा ना, मोबाईलवर आहे." "आमच्याकडे दिसत नाही." तिसऱ्या खेपेला काउंटरवर वेगळ्या बाई होत्या. त्यांनी माझ्या हातातून मोबाईल घेतला, आयडी टाकून पाहिला आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत विचारलं, "काका, तुम्ही राज्य सरकारच्या नोकरीत कधी होतात?"

झालं असं होतं की त्या पोराने फॉर्म भरताना पेन्शन मंजूर करणाऱ्या कार्यालयाच्या रकान्यात ईपीएफओऐवजी, म्हणजे पीएफच्या कार्यालयाऐवजी, राज्य सरकार निवडलं होतं. दाखला निघाला, आयडी आला, फक्त तो भलत्याच दारात जाऊन पडला. म्हणजे मी जिवंत होतो, पण चुकीच्या खात्यात. बाईंनी तिथल्या तिथे माझा नवा दाखला काढला आणि एप्रिलमध्ये मागच्या थकबाकीसकट पैसे जमा झाले. त्यांचं नाव विचारायचं राहून गेलं.

आता पोस्टाकडे येतो.

फेब्रुवारी २०२५ मध्ये, मुदत संपायच्या महिनाभर आधी, मी आमच्या पोस्टात गेलो. पोस्टाची बँक, म्हणजे इंडिया पोस्ट पेमेंट्स बँक, ही सेवा २०२० पासून देते. पोस्टमन घरी येतो, दाखला काढून देतो, जीएसटी धरून ७० रुपये. खातं पोस्टातच पाहिजे असं नाही, पेन्शन कुठल्याही बँकेत येत असली तरी चालतं. काउंटरवर पत्ता आणि मोबाईल नंबर लिहून दिला. पोस्टइन्फो ॲपवरूनही बोलावता येतं म्हणे, पण मी कागदावरचा माणूस.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास आमचे नेहमीचेच पोस्टमन आले. गेली पाच-सहा वर्षं आमच्या बिल्डिंगला हेच टपाल टाकतात. मी अंगठा पुढे केला तर म्हणाले, "राहू द्या काका, तोंडच दाखवा." चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय २०२१ पासून आहे, हे मला त्या दिवशी कळलं. म्हणजे दुकानातल्या त्या सात अंगठ्यांची आणि अनामिकेची गरजच नव्हती.

त्यांनी मला खिडकीकडे पाठ करून बसलेलो होतो तिथून उठवलं आणि समोरच्या खुर्चीत, उजेडाकडे तोंड करून बसवलं. चष्मा काढायला लावला. मोबाईल समोर धरून म्हणाले, "डोळ्यांची उघडझाप करा." पहिल्यांदा मी इतक्या मन लावून डोळे मिटले की उघडायचे विसरलो. ही स्वयंपाकघरातून हसत होती. दुसऱ्यांदा जमलं.

पण मला आवडलं ते याच्या आधीचं. फॉर्म भरण्यापूर्वी त्यांनी विचारलं, "पेन्शन कुठली? पीएफची, राज्य सरकारची, की केंद्राची?" मी सांगितलं तरी माझा पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा कागद, मागून घेतला आणि त्यावरचं कार्यालयाचं नाव स्वतः वाचलं. मग यादीतून ईपीएफओ निवडलं आणि स्क्रीन माझ्याकडे वळवून म्हणाले, "बघा, बरोबर आहे ना?" त्यांच्या लेखी एवढीशी गोष्ट. याच एवढ्याशा गोष्टीपायी माझी पेन्शन काही महिने अडकली होती.

बोलावणार असाल तर आधार, पीपीओ नंबर (पीएफवाल्यांचा बारा आकडी असतो), पासबुक आणि आधारला जोडलेला मोबाईल चार्ज करून जवळ ठेवा. बाकी झेरॉक्स, फोटो, काहीही लागत नाही. पीएफच्या पेन्शनला नोव्हेंबरचीच वाट बघायचं कारण नाही, वर्षात कधीही दाखला द्या, दिल्या तारखेपासून बारा महिने चालतो. हे माहीत नसल्याने आमच्या कंपनीतले अर्धे लोक अजून दिवाळीनंतर रांगा लावतात. आणि आयडीचा मेसेज आला की काम झालं असं समजू नका. पंधरा दिवसांनी ईपीएफओच्या पेन्शनर पोर्टलवर दाखला पोचला का ते बघा. मला ते नातीने दाखवलं. पोस्टमनचं काम दाखला काढून पाठवण्यापर्यंत, पलीकडे तो स्वीकारला गेला का हे त्यांच्या हातात नाही.

ऑक्टोबरमध्ये खालच्या मजल्यावरच्या काकूंसाठी पुन्हा त्यांनाच बोलावलं. काकू त्र्याऐंशीच्या, काका खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीत होते. केंद्राच्या पेन्शनीत ऐंशी पूर्ण झालेल्यांना १ ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो, बाकीच्यांना नोव्हेंबर. काकूंची फॅमिली पेन्शन आता संरक्षण खात्याच्या 'स्पर्श' या पेन्शनच्या ऑनलाइन व्यवस्थेतून येते, आणि यादीत त्यांच्यासाठी जे कार्यालय निवडायचं त्याच्या नावात अजून अलाहाबाद लिहिलेलं आहे. शहराचं प्रयागराज २०१८ मध्ये झालं. पोस्टमनना हे पाठ होतं. मी एकटा बसलो असतो तर 'प' अक्षराखाली शोधत राहिलो असतो आणि शेवटी पुणे निवडलं असतं.

त्या फॉर्मात एक प्रश्न असतो, पुन्हा लग्न केलं आहे का. विधवांच्या पेन्शनला ते विचारावंच लागतं. पोस्टमन जरा घुटमळले. काकूंनी कानाचं यंत्र सारखं करून प्रश्न दोनदा ऐकला आणि म्हणाल्या, "एवढ्यात तरी नाही, लिही." मग पोस्टमनना लाडू मिळाला, मला नाही.

आता तक्रार. तक्रार कसली, सेवेची हद्द आहे ती. ही सेवा फक्त दाखल्याची. पेन्शन कमी का आली, नवऱ्यामागे बायकोला किती मिळेल, वारसाचं नाव कसं दुरुस्त करायचं, यातलं काही पोस्टमनना विचारू नका. ते सरळ "मला माहीत नाही" म्हणतात, आणि माहीत नसताना ठोकून देणाऱ्यांच्या या शहरात मी ते गुणातच धरतो. पीएफच्या अशा शंकांसाठी दर महिन्याच्या २७ तारखेला ईपीएफओचं 'निधी आपके निकट' हे शिबिर भरतं, कागद घेऊन तिथे जा.

काकूंचा दाखला चालू असताना आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशी दारात उभं राहून बघत होत्या. त्यांनी विचारलं, "माझंही यातच होईल का?" मावशींना लाडकी बहीणचे पंधराशे येत होते. त्या योजनेला वय २१ ते ६५. मावशींना पासष्ट पूर्ण झाली आणि पैसे थांबले. पुढे श्रावणबाळ योजना आहे, तीही पंधराशेचीच, वय पासष्टच्या पुढे. पण लाडकी बहीणला कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला अडीच लाख आणि श्रावणबाळला २१,०००. महिन्याला साडेसतराशे. पुण्यात साडेसतराशेत राहणारं माणूस मला कुणी दाखवा. एका रात्रीत वय एका वर्षाने वाढतं आणि मर्यादा अडीच लाखांवरून इतकी खाली येते, हे ज्याने ठरवलं त्याला एकदा लेथवर उभं करावंसं वाटतं.

पोस्टमन म्हणाले, "ते आमच्याकडे नाही मावशी, तहसीलला संजय गांधी शाखेत विचारा." त्यांनी नीट पत्ता सांगितला, एवढं मात्र खरं.

मार्क द्यायचे तर पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो मावशींसाठी, पोस्टाचा त्यात दोष नाही. आणि सत्तर रुपयांचं म्हणाल तर नोव्हेंबर २०२५ मध्ये ईपीएफओ आणि पोस्टाच्या बँकेचा करार जाहीर झाला. पीएफच्या पेन्शनरांसाठी घरपोच दाखला आता मोफत, खर्च ईपीएफओ करणार. मी फेब्रुवारीतच पैसे भरून मोकळा झालो होतो. हिला सांगितलं तर म्हणाली, "तुमचं सगळं आयुष्य असंच, बोनस जाहीर व्हायच्या आदल्या दिवशी रजा."

सोमवारी मावशींबरोबर तहसीलला जायचंय. त्यांचा रहिवासाचा पुरावा, आधार आणि पासबुक एका पिशवीत घालून ठेवलंय. उत्पन्नाच्या दाखल्यावर काय आकडा येतो ते बघू. माझा चष्मा मात्र बरोबर घेणार आहे, म्हणजे कुणी रकाना भरायला लागलं की आधी मी वाचीन.