झोंबी आले तर लागणारं सामान आम्ही जिथून घेतलं त्या हर्णै रस्त्यावरच्या हार्डवेअर दुकानाचा रिव्ह्यू

दुकानाचं नाव टाकत नाहीये कारण दुकानवाल्या काकांनीच नको सांगितलं, पण दापोलीहून हर्णैला जाताना बाहेर पोहरे टांगलेले आणि निळे ड्रम उभे केलेले असतात ते जुनं दुकान म्हटलं की इकडच्या माणसांना कळेल. गेल्या मे महिन्यात तीन फेऱ्या मारून तिथून साडेसहा हजारांचं सामान घेतलं, पूर्ण एक पावसाळा वापरलं, आणि आता लिहितोय.

सामान कशाला, तर झोंबीसाठी. उद्या खरंच तशी साथ आली, चावलेला माणूस दुसऱ्याला चावत सुटला, मुंबई-पुण्याकडून येणारं सगळं बंद झालं, तर आमच्या घरातली सात माणसं कशी जगतील याची आम्हा भावंडांची एक वही आहे आणि ती आम्ही २०२० पासून लिहितोय. ज्यांना हे सिनेमाचं खूळ वाटतं त्यांना एकच सांगतो, अमेरिकेच्या सीडीसीने, म्हणजे तिकडच्या सरकारी आरोग्य संस्थेने, मे २०११ मध्ये झोंबी आले तर घरात काय काय ठेवा याची माहिती स्वतःच्या वेबसाईटवर टाकली होती आणि ती वाचायला इतके लोक आले की साईट बंद पडली. जी तयारी झोंबीला लागते तीच वादळाला आणि पुराला लागते, झोंबी म्हटलं की तरुण पोरं वाचतात, एवढंच त्यामागे होतं.

आमची वही सुरू झाली ती निसर्ग वादळानंतर. ३ जून २०२० ला ते अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्याला लागलं आणि दापोली-मंडणगडची काय अवस्था झाली ते ज्यांनी बघितलंय त्यांना माहितीये. आमच्या वाडीत तीन आठवड्यांच्या वर लाईट नव्हती, मोबाईलला रेंज नाही, रस्त्यावर आडवे पडलेले माड नि आंबे, घरावरची कौलं गेलेली, आणि वर लॉकडाऊन. बातमी कळायची ती फक्त आजोबांच्या ट्रान्झिस्टरवर. आणि सगळ्यात वाईट म्हणजे विहीर काठोकाठ भरत आलेली असताना घरात पाणी नाही, कारण मोटर बसवली तेव्हा रहाट काढून टाकला होता, कप्पी भंगारात गेली होती आणि पोहऱ्याला भोक पडलेलं. आई आणि वहिनी बादलीला साडी बांधून पाणी काढत होत्या. ते बघून त्या रात्री आम्ही वहीत पहिली ओळ लिहिली ती पाण्याची.

तर पहिल्यांदा मी चूक केली ती ऑनलाईन सर्व्हायवल किट मागवायची. सत्तावीसशे रुपये, काळी बॅग, आत सुरी, होकायंत्र, चकमक, शिट्टी, चंदेरी पांघरूण. फोटोत झकास दिसत होतं पण एका पावसाळ्यात सुरीला असा गंज चढला की मिटता मिटेना, बॅगेची चेन खाऱ्या हवेने धरली आणि कापडाला बुरशी. आपल्याकडे जून ते सप्टेंबर जी वस्तू टिकते तीच खरी, बाकी काही सांगू नका मला.

मग गेलो काकांकडे. दोन ड्रम हवेत म्हटलं, दोनशे लिटरवाले. त्यांनी विचारलं कशाला, शेतीला की प्यायला. मी म्हटलं प्यायला, साठवून ठेवायचंय. मग बाहेरचे निळे मी बघत होतो त्याला त्यांनी सरळ नाही म्हटलं, "ते केमिकलचे आहेत रे, कितीही धुतलेस तरी पिण्याला चालायचे नाहीत, त्यात शेण कालव नाहीतर झाडांना पाणी घाल." आतून दोन दुसरे काढले, खाण्याच्या तेलाचे, झाकण उघडून वास घ्यायला लावला, बाराशेला एक. बाहेरचे नऊशेला होते, मला काही कळत नव्हतं, मी ते सुद्धा घेऊन गेलो असतो. या एका गोष्टीसाठी मी त्यांना पूर्ण मार्क देतो. हिशोब असा की सीडीसीच्या यादीप्रमाणे माणशी दिवसाला एक गॅलन म्हणजे पावणेचार लिटर पाणी, सात माणसं, चौदा दिवस, म्हणजे साधारण ३७० लिटर. दोन ड्रममध्ये बसतं. अंगण ओलांडून विहिरीवर जाता आलं नाही तरी दोन आठवडे घर चालतं.

एवढं पाणी कशाला असं त्यांनी विचारल्यावर मी खरं ते सांगितलं. हसतील वाटलं होतं. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "म्हणजे लाईट नाही, रस्ता नाही, घराबाहेर पडायचं नाही, माणूस माणसाजवळ येऊ द्यायचा नाही. बघितलंय की आपण हे." आणि मग माझी यादी हातात घेऊन अर्धा तास त्यांनी ती दुरुस्त केली. जनरेटर खोडला. पेट्रोल आठ दिवसांत संपणार आणि आवाज पार खालच्या वाडीपर्यंत जाणार, आणि तुझे ते आवाजाला येतात ना, मग? खरंच, झोंबीच्या बऱ्याच गोष्टींत तसंच असतं आणि आमच्या वहीत हा मुद्दाच नव्हता. त्याच्या जागी त्यांनी करवत लिहिली, कारण रस्ता मोकळा करायला जेसीबी येईपर्यंत निसर्गला लोकांनी हातकरवतीनेच माड कापले. तुरटी लिहिली, गढूळ पाणी निवळायला, पण निवळलेलं पाणी उकळून घ्यायचं हे दोनदा बजावलं.

विहिरीचं सामान हा या दुकानाचा खरा जीव आहे. बिडाची कप्पी मिळते, नवी, साडेचारशेला, आणि आता ती कुठेही सहज मिळत नाही कारण सगळ्यांनी मोटरी बसवल्यात. दोर कुठला घ्यायचा यावर त्यांचं म्हणणं होतं की काथ्याचा हाताला चांगला बसतो पण पावसात कुजतो, बारीक नायलॉन ओल्या हातातून सटकतो आणि तळवे कापतो, म्हणून अंगठ्याएवढा जाड नायलॉन घे आणि दर दोन हातांवर गाठ मार. गाठी कप्पीवरून अडकतील असं मला वाटलं म्हणून मी विचारलं तर त्यांनी कप्पी रुंद खाचेची दिली. जुलैमध्ये सलग चार दिवस लाईट नव्हती तेव्हा माझ्या चौदा वर्षांच्या पुतणीने एकटीने त्या दोराने पाणी काढलं, आंघोळीसकट सगळ्यांचं. हे लिहिताना सुद्धा मला बरं वाटतंय.

कोयती दोन घेतल्या, साडेचारशेला एक, गावच्या लोहाराच्या हातच्या, कंबरेची आकडी वेगळी. पाऊसभर खोबरेल पुसून ठेवल्या, एक डाग नाही. हत्यार म्हणून नाही घेतल्या हो, कोणाशी मारामारी करायची वेळ आली तर प्लॅन फसलाच म्हणायचा. आमचा प्लॅन लपून गप्प राहायचा आहे. चिऱ्याचा गडगा, त्यावर करवंदीची जाळी वाढवलेली, बेडं म्हणजे अंगणाचं फाटक आतून बांधलेलं, आणि झालंच तर माळा, शिडी वर ओढून घेतली की संपलं.

दादाचं मत अजून वेगळंच आहे, त्याला सुवर्णदुर्ग हवाय. चारी बाजूंनी समुद्र, तट भक्कम, हर्णैहून होडीने थोडक्यात अंतर. ऐकायला भारी वाटतं पण १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या, समुद्र असा खवळलेला की किनाऱ्यावर उभं राहवत नाही, आणि किल्ल्यात राहायला धड छप्पर नाही. साथ जूनमध्ये आली तर तिथे पोचणार कोण आणि खाणार काय? घरात निदान बेगमी असते. तांदूळ, कुळीथ, सुकट, बोंबील, आमसुलं, आंबोशी, फणसाचे पापड, राखेत ठेवलेल्या आठळ्या, आज्जी हे सगळं मृगाच्या आधी भरून ठेवायचीच, तिला कोणी झोंबी सांगितले नव्हते. दादाला मी एवढंच म्हटलं की किल्ला ऑक्टोबर ते मे, पावसाळ्यात घर. तेवढं त्याने मानलं आणि वहीत तसं लिहिलंय.

एका मुद्द्यावर मात्र आमचं अजून ठरलं नाहीये आणि तो काकांनीच काढला. बेडं बंद केलंस आणि बाहेर तुझाच चुलता मुंबईहून चालत आलेला उभा असेल तर? २०२० मध्ये चाकरमानी गावात आले तेव्हा कुठे कुठे वाटेवर झाडं आडवी टाकली होती, माणसं शाळेत चौदा दिवस ठेवली होती, आणि काही घरांत त्यावरून जे बोलणं तुटलं ते आजही तुटलेलंच आहे. आम्ही सध्या असं लिहिलंय की गोठ्याच्या बाजूची खोली रिकामी ठेवायची, तिथे वेगळा माठ, वेगळं अंथरूण, बाहेरून कडी, येणाऱ्याला परत पाठवायचं नाही. त्यासाठी म्हणून एक जाड ताडपत्री आणि पितळी कडी पण तिथूनच घेतली.

आता दुकानात काय आवडलं नाही ते. हँडल फिरवून चार्ज होणारा टॉर्च घेऊ नका. माझ्या टॉर्चचं हँडल दोन महिन्यांत तुटलं आणि काकांनी तो परत घेतला नाही, वर बोलले सुद्धा की पोराटोरांनी जोरात फिरवला असणार. पोराटोरांनी नाही, मीच फिरवला होता, आणि नीट फिरवला होता. हे मला लागलं. जो माणूस ड्रमच्या बाबतीत इतका सच्चा त्याने असला माल ठेवूच नये. दुसरं म्हणजे बिल मागितल्याशिवाय मिळत नाही आणि दुपारी एक ते चार दुकान बंद असतं, लांबून येणाऱ्याला ते जड जातं.

पाचपैकी साडेचार. टॉर्चचा अर्धा कापला.

जाणार असाल तर मेच्या पहिल्या पंधरवड्यात जा, नंतर ताडपत्रीला गर्दी होते आणि चांगले ड्रम संपतात. विहिरीची खोली मोजून जा, फुटात नसेल येत तर किती पुरुष, म्हणजे किती माणसांच्या उंचीएवढी, ते सांगा, काका तेवढ्यावरून दोर बरोबर कापून देतात आणि वर चार हात जास्तीचा सोडतात.