हॅमिल्टन पायलट पायोनियर: जुन्या लष्करी तबकडीची नवी आवृत्ती

ब्रिटिश सैन्याला हॅमिल्टनने १९७३ ते १९७६ या काळात जे डब्ल्यू१० घड्याळ पुरवले, त्यावरून कंपनीने २०१९ मध्ये ‘खाकी पायलट पायोनियर मेकॅनिकल’ बाजारात आणले. ३३ मिलिमीटर रुंदीची, बाजूंना किंचित फुगीर असलेली केस (घड्याळाची बाहेरची धातूची पेटी) आणि एकदा पूर्ण चावी दिली की ८० तास चालणारे यंत्र, याबाबत तक्रारीला जागा नाही. तथापि असे घड्याळ घेणारा ते प्रामुख्याने तबकडीसाठी घेतो, म्हणून येथे तिचाच विचार केला आहे.

या तबकडीची घडण मुळात सरकारी निकषांतून झाली. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस ब्रिटिश सरकारने बारा कंपन्यांकडून एकाच नमुन्यानुसार मनगटी घड्याळे करून घेतली आणि ती १९४५ मध्ये दाखल झाली. काळी तबकडी, ठसठशीत पांढरे अंक, कडेने रेल्वेच्या रुळांसारखी आखलेली मिनिटांची पट्टी आणि अंधारात उजळणारे काटे, हे सारे एका नजरेत वेळ कळावी एवढ्यासाठीच होते. त्यावरचा बाण म्हणजे सरकारी मालमत्तेची जुनी खूण. पुढे काटे उजळवणाऱ्या किरणोत्सारी रेडियमच्या लेपाच्या जागी तुलनेने सौम्य ट्रिटियम आले, तेव्हा वर्तुळातले ‘टी’ अक्षरही तबकडीवर आले. म्हणजे त्या काळच्या तबकडीवर शोभेसाठी उमटवलेली एकही रेघ नव्हती, आणि तिचे सौंदर्य मला नेमके यातच दिसते.

नव्या आवृत्तीतून हॅमिल्टनने बाण आणि ‘टी’ दोन्ही वगळले आहेत. अनेक संग्राहकांना ते खटकते, पण मला हा निर्णय योग्य वाटतो, कारण हे घड्याळ सरकारचे नाही आणि त्यात ट्रिटियमही नाही. मात्र बाण गेल्यावर कंपनीच्या नावाखाली जी जागा मोकळी राहिली, तिचा तोल साधण्यासाठी नाव थोडे खाली घेता आले असते.

खरा आक्षेप आहे तो काट्यांवरच्या आणि खुणांवरच्या, अंधारात चमकणाऱ्या पिवळसर लेपाला. ट्रिटियमचे अर्धायुष्य सुमारे १२.३ वर्षे असल्याने जुन्या डब्ल्यू१०चा प्रकाश आता जवळजवळ विझला आहे आणि लेप काळानुसार तपकिरी पडला आहे. तो रंग त्या घड्याळाने पन्नास वर्षांत कमावला; तोच कोऱ्या घड्याळावर कारखान्यातून लावून देणे मला पटत नाही. लाँजिनने तर ब्रिटिश हवाई दलाच्या जुन्या घड्याळावर बेतलेल्या ‘हेरिटेज मिलिटरी’च्या रुपेरी तबकडीवर काळ्या रंगाचे बारीक थेंब हाताने फवारून जुनेपण आणले आहे. कारागिरी म्हणून ते उत्तम असले तरी त्या डागांमुळे वाचनीयतेत कणभरही भर पडत नाही. याउलट मूळ बारा कंपन्यांपैकी एक असलेल्या व्हर्टेक्सने आपले एम१०० घड्याळ करताना अंकच सुपर-ल्युमिनोव्हा या चमकत्या पदार्थाचे, उठावदार घडवले. १९४५ च्या नमुनाकारांना हे तंत्र उपलब्ध असते तर त्यांनीही तेच वापरले असते, असे मला मनापासून वाटते. एम१००वर बाण मात्र कायम आहे. ज्या कंपनीने तो युद्धकाळात खरोखर वागवला, तिला तेवढा अधिकार मी देतो.

हॅमिल्टनच्या तबकडीला असलेला खरखरीत पोत मूळ घड्याळाच्या सपाट काळ्या रंगापेक्षा वेगळा आहे, तरीही तो टिकवण्याजोगा आहे. त्यावर प्रकाश विखुरतो आणि काळा रंग उन्हातही काळाच राहतो. आपल्याकडे ज्यांनी एचएमटी पायलटची काळी तबकडी वापरली आहे, त्यांना ही मांडणी आणि हा आटोपशीर आकार लगेच आपलासा वाटेल. काच मात्र मिनरल, म्हणजे साधी कडक केलेली आहे. मूळ अॅक्रिलिक, म्हणजे प्लास्टिकच्या काचेवरचे ओरखडे घरच्या घरी घासून काढता येत; मिनरल काचेवर ओरखडा पडला की बहुधा काचच बदलावी लागते. या किमतीला सहसा ओरखडे न पडणारी नीलमणी काच, तीही परावर्तनरोधक लेप दिलेली, मिळायला हवी होती. पांढऱ्या लेपाची आवृत्ती निघाली, तर मी ती विनासंकोच सुचवीन. सध्याची घेण्याआधी दुकानात दिवसाच्या प्रकाशात तिचा पिवळेपणा आपल्याला चालतो का, हे जरूर पाहावे.