नव्या प्रशासकीय इमारतीतील दिव्यांग सुविधा : दोन फेऱ्यांचा अनुभव

बक्षीसपत्राच्या नोंदणीसाठी मला तालुक्याच्या नव्या प्रशासकीय इमारतीत दोनदा जावे लागले. मी व्हीलचेअर वापरते. दुसऱ्या खेपेस सोबत आलेली मैत्रीण पूर्ण दृष्टिहीन असून तिचेही त्याच इमारतीत तहसीलचे काम होते. त्यामुळे तिथल्या सोयी माझ्या चाकांनी आणि तिच्या पांढऱ्या काठीने, अशा दोन्ही अंगांनी पारखता आल्या. पाचपैकी मी तीन गुण देते. बांधकामाला चार आणि देखभालीला दोन, असा त्याचा हिशोब आहे.

आधी जे मनापासून आवडले ते सांगते. इमारतीचे जोते ४५० मिलिमीटर उंच आहे, म्हणजे तीन पायऱ्यांइतके. रॅम्पसाठी एकास बारा हे प्रमाण धरले, तर एवढ्या चढाला किमान ५.४ मीटर लांबी लागते. भावाने टेप लावून पाहिले, तर रॅम्प ५.६ मीटर भरला. जुन्या कचेरीत जवळपास एवढाच चढ दीड मीटरच्या गुळगुळीत फरशीवर काढलेला होता आणि तिथे मागून दोन माणसांनी धरल्याशिवाय खुर्ची उलटण्याची भीती असे. इथे मी माझ्या हातांनी चाके फिरवत वर गेले. कठडे दोन्ही बाजूंना आणि दोन उंचींवर आहेत. खालचा बसून जाणाऱ्याच्या हाताशी येतो, वरचा उभ्याने चालणाऱ्याच्या. शिवाय रॅम्प संपल्यावरही कठड्याचा दांडा साधारण फूटभर पुढे आडवा गेलेला आहे. चढ संपून सपाट जमीन आली, हे मैत्रिणीला पायांच्या आधी हाताने कळले. ज्याने हा दांडा पुढे न्यायला लावला, त्याला विषय खरोखर समजलेला होता.

मात्र हाच रॅम्प दोन्ही दिवशी पायथ्याशी दुचाकींनी अडलेला होता. दोन मोटारसायकली हलवायला पहिल्या दिवशी वीस मिनिटे गेली, कारण त्यांचे मालक आत रांगेत उभे होते. तिथे ‘वाहने लावू नयेत’ अशी पाटी नाही आणि लक्ष ठेवायला माणूसही नाही.

जमिनीवरच्या पिवळ्या फरश्यांबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण डोळस माणसाला ही चूक दिसत नाही. उभ्या रेघांची फरशी म्हणजे ‘सरळ चला’ आणि गोल उठावांची फरशी म्हणजे ‘सावध व्हा, पुढे पायरी, वळण किंवा दरवाजा आहे’. या इमारतीत प्रवेशद्वारापासून चौकशी खिडकीपर्यंत सगळ्याच फरश्या गोल उठावांच्या बसवल्या आहेत. मैत्रीण पहिल्या फरशीवर थांबली, काठीने पुढची पायरी शोधू लागली, ती सापडेना म्हणून एक पाऊल टाकून पुन्हा थांबली. चारपाच पावलांनंतर तिने फरश्यांवर विसंबणे सोडून माझ्या खुर्चीचा दांडा धरला. खर्च झाला, वाटही पिवळीधमक दिसते, पण जिच्यासाठी ती केली तिला ती काहीच सांगत नाही. ही दुरुस्ती मोठी नाही. मधल्या फरश्या काढून रेघांच्या बसवल्या की काम होईल.

लिफ्ट प्रशस्त आहे, बटणे बसून हात पोचेल अशा उंचीवर आहेत आणि त्यांवर ब्रेलही आहे. मजला सांगणारा आवाज मात्र बंद होता. शेजारच्या कक्षातील कर्मचाऱ्यांना त्याचा त्रास होतो, असे कारण आम्हाला मिळाले. आवाज कमी करता येतो. तो बंद केला की दृष्टिहीन व्यक्तीला प्रत्येक मजल्यावर कोणाला तरी विचारावे लागते.

दिव्यांगांसाठीचे स्वच्छतागृह तळमजल्यावर आहे. दार बाहेर उघडते, आत खुर्ची पूर्ण वळवता येते, आधाराचे दांडे भक्कम आहेत. पण त्याला कुलूप होते आणि किल्ली ज्या शिपायाकडे असते ते टपाल घेऊन दुसऱ्या कार्यालयात गेले होते. ते आल्यावर दार उघडले, तर कमोडच्या बाजूला बादल्या आणि फिनेलचे कॅन रचलेले. मदतीसाठी ओढायची लाल दोरी फरशी पुसताना भिजते म्हणून वर गाठ मारून ठेवलेली होती. ती दोरी जमिनीपर्यंत लोंबती ठेवायची असते, कारण तिची गरज पडते ती पडलेल्या माणसाला.

नोंदणीच्या कक्षात मला चांगली वागणूक मिळाली, हे आवर्जून नोंदवते. टेबल उंच होते आणि अंगठ्याचे यंत्र पलीकडच्या कडेला होते. तिथल्या ताईंनी वायरची गुंडाळी सोडली, यंत्र माझ्या मांडीवरच्या फाइलवर ठेवले आणि संगणकाचा कॅमेरा माझ्या चेहऱ्याच्या पातळीवर खाली वळवला. ‘पुढच्या वेळी अर्ज करा, साहेब घरी येतील,’ असेही त्या आपुलकीने म्हणाल्या. नोंदणी अधिनियम १९०८ च्या कलम ३१ मध्ये खास कारण असल्यास अधिकाऱ्याने घरी येण्याची तरतूद आहे आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी ती मोलाची आहे. पण मला घराबाहेर पडता येते. मला इतरांसारखे कचेरीत येऊन, इतरांच्या रांगेत, माझे काम करायचे आहे.

हा हट्ट नव्हे, हक्क आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम ४५ ने जुन्या सार्वजनिक इमारतीही नियम अधिसूचित झाल्यापासून पाच वर्षांत सुगम करायला सांगितल्या होत्या. नियम जून २०१७ मध्ये आले, म्हणजे ती मुदत २०२२ मध्येच संपली. कलम ४४ नुसार मानके न पाळणाऱ्या नव्या बांधकामाला परवानगीच देता येत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने याहून पुढे जाऊन सांगितले की सुगमतेची मानके केवळ शिफारशीच्या स्वरूपात ठेवणे मूळ कायद्याला धरून नाही. किमान अटी बंधनकारकच हव्यात. या इमारतीने बांधकामाच्या बहुतेक अटी पाळल्या आहेत, हे माझ्या अनुभवावरून दिसते. राहिले आहे ते रोजचे काम: वाट मोकळी ठेवणे, आवाज चालू ठेवणे, कुलूप काढणे. त्यासाठी निधी लागत नाही, कोणाच्या तरी नावावर जबाबदारी लागते.

तिथे जाणाऱ्यांनी शक्यतो दहाच्या आत पोहोचावे, तेव्हा रॅम्प मोकळा असण्याची शक्यता अधिक. आणि आत गेल्यावर आधी स्वच्छतागृहाची किल्ली कोणाकडे आहे ते विचारून ठेवावे. अडचण आल्यास तोंडी सांगून निघू नये. कार्यालयात लेखी अर्ज द्यावा आणि आवक शाखेतून पोच घ्यावी. दाद लागली नाही, तर पुण्यातील राज्य दिव्यांग आयुक्तांकडे जाता येते. मी पहिल्या फेरीनंतर तसा अर्ज दिला होता. दुसऱ्या फेरीत निघताना पुन्हा आत डोकावून पाहिले, तेव्हा बादल्या तिथेच होत्या, पण दोरीची गाठ कोणीतरी सोडली होती.