रात्री पावणेतीनला चालू होणारा टीव्ही आणि साडेआठ हजारांचं बिल

गिरगावातल्या एका चाळीत ऐन पावसाळ्यात एक ४३ इंची टीव्ही रात्री पावणेतीनच्या सुमारास आपणहून चालू व्हायला लागला. पहिल्या रात्री वाटलं, झोपेत रिमोट अंगाखाली आला असेल. तिसऱ्या रात्री आवाजाने शेजारचे उठले आणि सकाळी गॅलरीत भुताखेतांच्या गोष्टी रंगल्या. घरातल्या आजोबांनी मोबाइलवर टीव्हीच्या कंपनीचं नाव टाकून सर्व्हिस सेंटर शोधलं आणि सगळ्यात वर आलेल्या नंबरला फोन लावला. 'हो, कंपनीचंच सेंटर आहे,' असं पलीकडून सांगण्यात आलं.

दोन तासांत माणूस हजर. अंगात लोगोचा टी-शर्ट, हातात बॅग. व्हिजिटचे ४५० रुपये आधीच घेतले. मागचं कव्हर उघडलं, मीटरच्या काड्या दोन ठिकाणी टेकवल्या आणि निकाल दिला: 'मदरबोर्ड शॉर्ट आहे, स्टँडबाय लीक होतोय. असाच ठेवलात तर पॅनेल जाईल.' पॅनेल, म्हणजे टीव्हीचा पडदा, म्हटलं की गिऱ्हाईक संपलं, कारण नवीन पॅनेल टाकण्यापेक्षा नवीन टीव्ही परवडतो हे एव्हाना सगळ्यांना ठाऊक आहे. बोर्ड प्लास्टिकच्या पिशवीत गेला, दोन दिवसांनी आला. बिल ८,५०० रुपये. 'मदरबोर्ड रिप्लेस, ९० दिवस गॅरंटी.' टीव्ही रात्रीचा चालू होणं बंद झालं आणि घरातले खूश.

चाळीस दिवसांनी नातवाने साउंडबार आणला. आवाज साउंडबारमधून यावा म्हणून त्याने सेटिंगमध्ये जाऊन एक पर्याय चालू केला. त्याच रात्री, पावणेतीनला, टीव्ही पुन्हा सुरू. गॅरंटीचे पन्नास दिवस शिल्लक होते, पण तो नंबर तेव्हापासून लागलेला नाही.

आता त्या बोर्डाचं काय झालं होतं ते बघू. बोर्ड 'बदलून' आल्यावर टीव्हीने ना भाषा विचारली, ना वायफायचा पासवर्ड. यूट्यूबवर आजोबांचं खातं तसंच उघडं होतं, अर्धवट पाहिलेलं कीर्तन तिथूनच पुढे सुरू झालं. स्मार्ट टीव्हीतली भाषा, पासवर्ड आणि लॉगिनची आठवण मेन बोर्डावरच्या, म्हणजे मदरबोर्डावरच्या, मेमरी चिपमध्ये असते. बोर्ड खरंच बदलला तर टीव्ही दुकानातून आणल्यासारखा कोरा उठतो आणि सगळं पहिल्यापासून विचारतो. म्हणजे तोच बोर्ड दोन दिवस मुंबई फिरून परत आला होता. जोडताना त्या माणसाने एकच खरं काम केलं. मेनूत जाऊन एचडीएमआय सीईसी बंद केलं. वीस सेकंदांचं काम. नातवाने साउंडबारसाठी पुन्हा चालू केलं ते हेच.

सीईसी म्हणजे एचडीएमआयच्या वायरमधून एका उपकरणाने दुसऱ्याला हुकूम देण्याची सोय. कनेक्टरच्या १९ पिनांपैकी १३ नंबरची पिन याच कामाला असते. सेट टॉप बॉक्स, फायर स्टिक, गेमचा डबा, साउंडबार यांपैकी कुणीही जागं झालं की 'मी चित्र पाठवतोय, उठ' असा निरोप टीव्हीला देऊ शकतं. बरेच सेट टॉप बॉक्स सॉफ्टवेअर अपडेट रात्री उरकतात आणि नंतर स्वतःच रीस्टार्ट होतात. त्या रीस्टार्टच्या वेळी निरोप गेला की टीव्ही चालू. गिरगावातलं भूत ते हेच. प्रत्येक कंपनीने या सोयीला स्वतःचं बारसं केल्यामुळे ती मेनूत सापडत नाही. सॅमसंगमध्ये एनीनेट प्लस, एलजीत सिंपलिंक, सोनीत ब्राव्हिया सिंक, पॅनासोनिकमध्ये व्हिएरा लिंक, फिलिप्समध्ये इझीलिंक. बाकी बऱ्याच अँड्रॉइड टीव्हींमध्ये ते इनपुट्सच्या मेनूत 'एचडीएमआय कंट्रोल' किंवा सरळ 'सीईसी' म्हणून असतं. साउंडबार एआरसीवर (एचडीएमआयच्याच वायरमधून टीव्हीचा आवाज साउंडबारला देणारी सोय) असेल तर सीईसी पूर्ण बंद करू नका, बऱ्याच टीव्हींवर आवाजही जातो. आत 'टीव्ही ऑटो पॉवर ऑन' असा वेगळा पर्याय असेल तर तेवढाच बंद करायचा. नसेल तर बॉक्सच्या सेटिंगमध्ये जाऊन तिकडचं सीईसी बंद करायचं.

हा दोष ठगांचा लाडका का, हे समजून घ्यायला हवं. टीव्ही बंदच पडला असेल तर दुरुस्ती झाली की नाही हे जागेवर कळतं, पण आपोआप चालू होण्याचा दोष त्यांच्यासमोर कधीच दिसत नाही. काहीही केलं, अगदी काहीच केलं नाही, तरी निघताना टीव्ही नीटच असतो. चार दिवस गप्प राहिला की पैसे पचले. दुसरं असं की दोष खरा कुठे आहे ते सापडायला दोन-तीन रात्री लागतात, आणि पाचशे रुपयांच्या व्हिजिटमध्ये तेवढा वेळ प्रामाणिक मेकॅनिकलाही परवडत नाही. म्हणून ही तपासणी घरच्यांनीच करायची. मीटर लागत नाही, स्क्रू ड्रायव्हर लागत नाही, कव्हर तर उघडायचंच नाही. आत मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्टच्या घरात डीसी असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही वेळ टिकू शकतो.

पहिली गोष्ट, टीव्ही चालू झाला की घाईने बंद करू नका, स्क्रीनवर काय आहे ते बघा आणि वेळ लिहून ठेवा. थेट सेट टॉप बॉक्सचं चॅनेल किंवा 'नो सिग्नल'सह एचडीएमआय इनपुट दिसत असेल तर संशय सीईसीवर. यूट्यूब किंवा कास्टची (मोबाइलवरचं टीव्हीवर पाठवण्याची) स्क्रीन असेल तर हुकूम नेटवर्कवरून आला, बहुतेक घरातल्याच कुणाच्या मोबाइलवरून. रोज मिनिटाच्या फरकाने तीच वेळ असेल तर ऑन टायमर किंवा व्हॉइस असिस्टंटमधलं रूटीन तपासा. सकाळी लावलेला बातम्यांचा गजर लोक विसरून जातात, आणि टीव्हीचं घड्याळ चुकलं असेल तर सकाळचा गजर रात्री वाजतो. वीज जाऊन आल्यावरच चालू होत असेल तर तो दोषच नाही. वीज आल्यावर चालू व्हायचं, बंद राहायचं की आधीच्या स्थितीत जायचं, हे ठरवणारी सेटिंग असते. स्वस्त, युनिव्हर्सल (कुठल्याही कंपनीच्या टीव्हीत बसणाऱ्या) बोर्डाच्या टीव्हींमध्ये ती 'पॉवर ऑन मोड' नावाने फॅक्टरी मेनूत, म्हणजे मेकॅनिकसाठीच्या छुप्या मेनूत, लपलेली असते. त्या मेनूत बाकी कशालाही हात लावू नका, पॅनेलची निवड चुकून बदलली तर चित्र उलटं किंवा गायब होतं आणि मग खरोखरच मेकॅनिक बोलवावा लागतो.

मग एकेक दार बंद करत जायचं, प्रत्येकी दोन रात्री. सुरुवात रिमोटपासून. सेल काढून ठेवा. मुंबईच्या दमट हवेत आणि तेला-चहाच्या हातांनी रिमोटचं रबर चिकट होतं आणि पॉवरचं बटण आत दबून राहतं. सेल काढण्याआधी मोबाइलच्या कॅमेऱ्यातून रिमोटच्या टोकाकडे बघा. काहीही न दाबता तिथे जांभळट-पांढरा ठिपका लुकलुकत असेल तर चोर सापडला. काही फोनचा मागचा कॅमेरा हा प्रकाश गाळून टाकतो, तेव्हा सेल्फीचा कॅमेरा वापरा. सेट टॉप बॉक्सच्या रिमोटलाही टीव्ही चालू करणं शिकवलेलं असतं, त्याचेही सेल काढा. रिमोट ब्लूटूथचा आहे म्हणून निर्धास्त राहू नका, अनेकांत पॉवरचं बटण इन्फ्रारेडवरच चालतं. समोरच्या खिडकीत त्याच कंपनीचा टीव्ही असेल आणि मध्ये हातभर बोळ, तर शेजाऱ्याचा रिमोटही काम करून जातो. खात्री करायला टीव्हीच्या सेन्सरवर ॲल्युमिनियम फॉइलचा तुकडा लावून वर टेप मारा. नुसती काळी टेप इन्फ्रारेड पूर्ण अडवेलच असं नाही.

रिमोट निर्दोष सुटला तर एचडीएमआयच्या सगळ्या वायरी टीव्हीच्या बाजूने काढा. बॉक्सचं बटण बंद करून भागत नाही. सगळ्या पोर्टांची सीईसीची लाइन एकमेकांशी जोडलेली असते, त्यामुळे एचडीएमआय २ मधली विसरलेली स्टिकसुद्धा टीव्ही उठवते. यूएसबीही मोकळं ठेवा. त्यानंतर टीव्हीचं वायफाय बंद, आणि 'मोबाइलने चालू करा', 'रिमोट स्टार्ट', 'वायफायवरून चालू करा' अशा नावांचा जो पर्याय असेल तो बंद.

हे सगळं करूनही टीव्ही उठत असेल तर मग आतला दोष. आणि त्यातही मदरबोर्ड शेवटी. आधी बघायची ती टीव्हीच्या खालची बटणं. ती छोटी टॅक्ट स्विचं असतात. वर्सोवा, वरळी, गिरगाव अशा समुद्राकाठच्या घरांत खारी हवा आत शिरून त्यांत गंज आणि ओल धरते. बऱ्याच टीव्हींत सगळ्या बटणांना एकच वायर आणि वेगवेगळ्या किमतीचे रेझिस्टर असतात, त्यामुळे ओलीने थोडी गळती झाली तरी प्रोसेसरला वाटतं, कुणीतरी पॉवर दाबलं. तपासायला मेकॅनिकने त्या पट्टीचा दोन-तीन तारांचा कनेक्टर काढून टीव्ही दोन दिवस तसाच चालवायचा. थांबलं तर स्विच बदलायचा. लॅमिंग्टन रोडला, म्हणजे भडकमकर मार्गावर, तो दहा रुपयांच्या आत मिळतो. मजुरी तीनशे लागली तरी हरकत नाही.

त्यानंतर स्टँडबाय सप्लाय, म्हणजे टीव्ही बंद असतानाही आतला प्रोसेसर जागा ठेवणारा छोटा वीजपुरवठा. 'स्टँडबाय लीक' हा शब्द ठगांना फार आवडतो, पण तो तपासायची सोपी रीत आहे आणि ती तुमच्यासमोर करून दाखवायला सांगा. पॉवर बोर्डावर स्टँडबायची एक पिन असते, बऱ्याचदा ५ व्होल्टची, आणि दुसरी पीएस-ऑन, जिच्यावर मेन बोर्ड 'चालू हो' असा व्होल्टेज देतो. स्टँडबायचा व्होल्टेज स्थिर असेल आणि तरी पीएस-ऑन उठत असेल, तर पॉवर बोर्ड निर्दोष आहे, हुकूम मेन बोर्डाकडून येतोय आणि त्याला तो कुठून मिळाला ते शोधायचंय. स्टँडबाय डळमळत असेल तर प्रोसेसर रीसेट होतो, त्याला वाटतं वीज जाऊन आली, आणि तो उठतो. तेव्हा दोष बहुतेकदा फुगलेल्या किंवा सुकलेल्या कपॅसिटरचा, साधारण १००० मायक्रोफॅरड, १० किंवा १६ व्होल्टचा. त्याची किंमत वडापावाच्या पलीकडे जात नाही. मेन बोर्ड खराब असतो तेव्हा सहसा तो एवढंच करत नाही. टीव्ही लोगोवर अडकतो, पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होतो, ॲप उघडताना गोठतो. यांपैकी काही नसताना 'बोर्ड गेला' म्हणणाऱ्याला कारण विचारा.

याच्या उलट प्रकारही चालतो आणि तो जास्त महागात पडतो. टीव्हीचा चांगला बोर्ड काढून घेऊन जुना किंवा युनिव्हर्सल बसवतात. त्याची खूण म्हणजे चालू होतानाचा लोगो बदलतो, रिमोट नवीन दिला जातो, ओटीटीवर एचडी चित्र यायचं ते अंधुक येतं. म्हणून कुणालाही बोलावण्याआधी सेटिंगमधलं 'अबाउट' उघडून मॉडेल, सीरियल नंबर आणि वायफायचा मॅक ॲड्रेस (प्रत्येक उपकरणाचा वेगळा ओळख क्रमांक) यांचा फोटो काढा. कव्हर उघडल्यावर बोर्डावरच्या स्टिकरचाही फोटो काढा आणि कोपऱ्यात मार्करने सही करा. प्रामाणिक माणूस याला हरकत घेत नाही, उलट त्याचंही भांडण वाचतं. बोर्ड घराबाहेर जाणार असेल तर जॉब शीटवर बोर्डाचा नंबर आणि तक्रार लिहून घ्या. 'रिप्लेस' लिहिलं असेल तर जुना बोर्ड परत मागा. 'चिप लेव्हल रिपेअर' (बोर्ड तोच ठेवून त्यावरचा सुटा भाग बदलणं) म्हणत असेल तर लॉगिन तसेच राहणं स्वाभाविक आहे, तेव्हा कोणता भाग बदलला ते बिलावर हवं.

सर्व्हिस सेंटरचा नंबर इंटरनेटवर शोधून घेऊ नका. वॉरंटी कार्डावरून, टीव्हीच्या मागच्या लेबलवरून किंवा कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवरून घ्या. शोधात सगळ्यात वर येणारी नोंद बऱ्याचदा पैसे देऊन टाकलेली जाहिरात असते. फोनवरच 'दहा रुपये रजिस्ट्रेशन' म्हणून लिंक पाठवली किंवा स्क्रीन शेअर करणारं ॲप टाकायला सांगितलं, तर तो टीव्हीचा मेकॅनिकच नाही, त्याचा डोळा बँक खात्यावर आहे. बिलावर जीएसटी लावला असेल तर १५ अक्षरी नंबर हवा, महाराष्ट्रातला असेल तर तो २७ ने सुरू होतो, आणि जीएसटीच्या पोर्टलवर टाकला की कुणाच्या नावाचा आहे ते दिसतं.

लिंकवरून किंवा ॲपमधून पैसे गेले असतील तर त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, तिथे वेळेला किंमत आहे. खोट्या दुरुस्तीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. मग ग्राहक आयोग: दोन वर्षांच्या आत, ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या, आणि मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. कागद जुळवायला मुंबई ग्राहक पंचायतीचं मार्गदर्शन मिळतं.

गिरगावच्या बिलावर जीएसटी नंबर नव्हता, बोर्डाचा नंबर नव्हता, पत्ता 'अंधेरी ईस्ट, मुंबई' एवढाच. हातात उरली ती यूपीआयची पावती, आणि तिच्यावर कंपनीऐवजी एका व्यक्तीचं नाव. ती पावती, त्या दिवसांच्या कॉलची नोंद आणि चाळीस दिवस आधीचा यूट्यूबचा इतिहास 'नव्या' बोर्डावर दाखवणारा फोटो, एवढं जोडून तक्रार गेली आहे. टीव्हीत 'ऑटो पॉवर ऑन' बंद आहे. साउंडबार वाजतो.